फिटच्या गोळ्या आणि मुलांची हाडे: पालकांनी काय पाहावे, काय करावे

"डॉक्टर, दोन वर्षांपासून याला फिटच्या गोळ्या चालू आहेत. या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात म्हणे. मग बंद करायच्या का?" अपस्मार (फिट, आकडी, मिरगी) असलेल्या मुलांचे आईवडील हा प्रश्न अलीकडे बऱ्याचदा विचारतात. कोणी मोबाइलवर काहीतरी वाचलेले असते, कोणाला शेजाऱ्यांनी सांगितलेले असते.

उत्तराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही एकत्रच लक्षात ठेवायला हवेत. पहिला भाग असा, की अपस्माराची काही औषधे दीर्घकाळ घेतली तर काही मुलांच्या हाडांवर परिणाम होतो, हे खरे आहे. दुसरा भाग असा, की या कारणासाठी गोळ्या स्वतःहून बंद करणे किंवा कमी करणे अतिशय धोक्याचे आहे. फिटचे औषध अचानक थांबले तर एकामागून एक फिट येऊन मूल शुद्धीवरच न येण्याची अवस्था ओढवू शकते. ती जिवावर बेतते. हाडांवरचा परिणाम मात्र हळूहळू होतो. तो ओळखता येतो आणि बहुतेक मुलांमध्ये टाळताही येतो. म्हणून गोळी चालू ठेवून हाडे कशी सांभाळायची, हे या लेखात पाहू.

लहानपणीचे हाड म्हणजे बँकेतली ठेव

हाड ही जिवंत पेशींची जागा आहे. तिथे रोज जुने हाड थोडे खरवडले जाते आणि नवे भरले जाते. मोठ्या माणसांत हे दोन्ही साधारण बरोबरीने चालते. मुलांमध्ये भरण्याचे काम जास्त असते, कारण हाड लांब होत असते, जाड होत असते आणि त्यात कॅल्शियम व फॉस्फरस साठत असते. विशेषतः वयात येण्याच्या काळात, उंची झपाट्याने वाढते त्याच्या आसपासच्या दोन-तीन वर्षांत, मोठेपणी असणाऱ्या एकूण हाडापैकी जवळपास चौथा हिस्सा तयार होतो. विशीपर्यंत ही ठेव बहुतांशी भरून झालेली असते. पुढे आयुष्यभर त्यातूनच खर्च चालतो.

अपस्माराची सुरुवात अनेकदा याच वयात होते आणि औषध कमीत कमी दोन वर्षे, काहींना त्याहून बरीच जास्त वर्षे घ्यावे लागते. म्हणजे ठेव भरण्याचा काळ आणि औषधाचा काळ एकच. मुलांच्या बाबतीत हा विषय महत्त्वाचा आहे तो यामुळे.

औषध हाडापर्यंत पोहोचते कसे?

अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात यायला 'ड' जीवनसत्त्व लागते. त्वचेवर ऊन पडले की ते शरीरात तयार होते, मग यकृतात आणि मूत्रपिंडात त्यावर प्रक्रिया होऊन ते कामाला लागते. फेनोबार्बिटोन (गार्डिनाल), फेनिटॉइन (इप्टॉइन) आणि कार्बामॅझेपिन (टेग्रिटॉल) ही जुनी आणि परिणामकारक औषधे यकृतातल्या काही एन्झाइमांचे काम वाढवतात. ही एन्झाइमे औषधे मोडण्याचे काम करतात. ती जास्त जोरात काम करू लागली की त्या ओघात 'ड' जीवनसत्त्वही लवकर मोडीत निघते. ते कमी झाले की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. रक्तातले कॅल्शियम घसरू देणे शरीराला परवडत नाही, कारण हृदय, स्नायू आणि मेंदू त्यावर चालतात. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जागृत होतात आणि हाडातले कॅल्शियम काढून रक्तात आणतात. रक्ताचा हिशोब जुळतो, पण तो ठेव मोडून.

ही माहिती नवी नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीसच युरोपातल्या डॉक्टरांना अशी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्या रुग्णांमध्ये मुडदूस आणि हाडे मऊ पडल्याचे दिसले होते. शिवाय फेनिटॉइन आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण थेटही कमी करते.

व्हॅल्प्रोएट (व्हॅल्पारिन, एन्कोरेट) ही आपल्याकडे मुलांना फार मोठ्या प्रमाणावर दिली जाणारी गोळी किंवा सिरप आहे. ते यकृतातली एन्झाइमे वाढवत नाही. तरी ते दीर्घकाळ घेणाऱ्या काही मुलांत हाडांची घनता कमी आढळली आहे. हाड भरणाऱ्या आणि खरवडणाऱ्या पेशींमधला तोल त्याने ढळतो असे मानले जाते. क्वचित, मुख्यतः अंथरुणाला खिळलेल्या आणि नळीने अन्न घेणाऱ्या मुलांत, व्हॅल्प्रोएटमुळे मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जातो. अशा मुलांचे 'ड' जीवनसत्त्व नॉर्मल असूनही हाडे मऊ पडू शकतात, म्हणून त्यांच्यात फॉस्फरसची तपासणी विसरू नये.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड यांनी रक्तात आम्लता थोडी वाढू शकते. ती आम्लता शमवायला शरीर हाडातले क्षार वापरते. मुतखड्याचा धोकाही वाढतो. काही मुलांना फिट आटोक्यात येत नाहीत म्हणून कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध पदार्थ, अगदी कमी पिष्टमय पदार्थ) दिला जातो. त्यातही याच कारणाने हाडांकडे लक्ष ठेवावे लागते.

लेव्हेटिरासेटाम (लेव्हिपिल) आणि लॅमोट्रिजिन ही तुलनेने नवी औषधे हाडांच्या दृष्टीने कमी त्रासदायक मानली जातात. ऑक्सकार्बाझेपिनचा परिणाम कार्बामॅझेपिनसारखाच, पण सौम्य असतो.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. तापात येणाऱ्या झटक्यांसाठी काही बाळांना तापाचे दोन-तीन दिवस क्लोबॅझाम (फ्रिझियम) दिले जाते. त्याने हाडांना काही होत नाही. हा संपूर्ण लेख महिनोन् महिने, वर्षानुवर्षे रोज औषध घेणाऱ्या मुलांसाठी आहे.

सगळ्या मुलांना सारखाच धोका नसतो

एकच औषध, मध्यम मात्रा, मूल शाळेत जाणारे, मैदानावर खेळणारे, दूध-दही खाणारे: अशा मुलाच्या हाडांची फार काळजी करण्याचे कारण नसते. साधी खबरदारी पुरते. धोका वाढतो तो दोन किंवा अधिक औषधे एकत्र चालू असतील, उपचाराला दोन वर्षांहून जास्त काळ झाला असेल, मूल बहुतेक वेळ घरातच असेल, आहार निकृष्ट असेल, किंवा मुळातच 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तेव्हा. यातले शेवटचे कारण आपल्या देशात किती सर्रास आढळते, हे तुम्ही ऐकलेच असेल. ऊन भरपूर, पण शाळा, क्लास, फ्लॅट आणि अंगभर कपडे यांमुळे ते त्वचेपर्यंत पोहोचत नाही. सावळ्या त्वचेला तेवढेच 'ड' तयार करायला ऊनही जास्त वेळ लागते.

सर्वांत जास्त धोका चालता न येणाऱ्या मुलांना असतो. सेरेब्रल पाल्सी किंवा मेंदूच्या इतर गंभीर आजारांबरोबर अपस्मार असलेली ही मुले. त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यांचे दुखणे बोलून दाखवायला ती स्वतः असमर्थ असतात.

हाडावर वजन पडले, स्नायूंनी ओढ दिली, की हाड मजबूत होते. जे मूल उभेच राहत नाही त्याच्या पायाची हाडे मुळातच बारीक आणि विरळ असतात. त्यात दोन-तीन औषधे, घरातला मुक्काम, गिळायला त्रास असल्यामुळे अपुरा आहार. अशा मुलाचे मांडीचे हाड गुडघ्याच्या वरच्या बाजूला कपडे बदलताना, लंगोट घालताना, मालिश किंवा व्यायाम करून घेताना, पाय खुर्चीच्या पट्ट्यात अडकूनही मोडू शकते. कुठे पडलेले नाही, आपटलेले नाही, त्यामुळे फ्रॅक्चरची शंकाच कोणाला येत नाही. मूल अचानक किरकिरे होते, रात्रभर रडते, एका पायाला हात लावू देत नाही, गुडघ्याजवळ सूज आणि गरमपणा जाणवतो. घरच्यांना वाटते दात येत असतील, पोट दुखत असेल, किंवा फिट वाढल्या असतील. असे दिसले तर त्या पायाचा एक्स-रे काढून घ्या, आणि डॉक्टरांना "कुठेही पडलेले नाही, तरीही फ्रॅक्चर असू शकते का?" असे स्पष्ट विचारा. घरात आई, आजी किंवा कामाच्या बाईंनी मुलाला असे काही केले असा संशय घेऊन भांडणे होतात, ती तर अजिबात नकोत.

अशा मुलाला उचलताना एका पायाला किंवा हाताला धरून ओढू नका. लंगोट बदलताना दोन्ही पाय घोट्याला धरून वर उचलण्याऐवजी मुलाला कुशीवर वळवा. फिजिओथेरपिस्टना मुलाची औषधे आणि आधीचे फ्रॅक्चर यांची माहिती द्या. शक्य असेल तर आधाराच्या चौकटीत (स्टँडिंग फ्रेम) रोज काही वेळ उभे करणे हाडांसाठीही चांगले आहे. पण तेही थेरपिस्टच्या सल्ल्यानेच.

काय दिसले तर दाखवायला यावे?

सुरुवातीला बहुधा काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच तपासणीची गरज असते. नंतर पाय दुखणे, जिन्यावर चढायला कंटाळणे, जमिनीवर बसलेले असताना उठायला मांडीवर हात टेकवावा लागणे, बदकासारखे डोलत चालणे अशी लक्षणे दिसतात. लहान मुलांत मनगटे जाड दिसणे, गुडघे बाहेरच्या बाजूला वाकणे किंवा एकमेकांना घासणे, दात उशिरा येणे. मोठ्या मुलांत पाठदुखी टिकून राहणे. साध्या पडण्याने हाड मोडणे, तेही पुन्हा पुन्हा. पाय दुखतात हे "वाढीचे दुखणे" असते, असे आपण सगळेच सहज म्हणून मोकळे होतो. फिटची गोळी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत ते इतक्या सहज म्हणू नये.

आणखी एक लक्षण आहे, आणि ते पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. 'ड' जीवनसत्त्व फार कमी झाले तर शेवटी रक्तातले कॅल्शियमही घसरते. कॅल्शियम घसरले की हातापायाला मुंग्या येतात, बोटे वाकडी होऊन आखडतात, आणि *फिटही येते*. म्हणजे ज्या मुलाच्या फिट आटोक्यात होत्या, त्याला पुन्हा येऊ लागल्या तर दरवेळी कारण गोळी अपुरी पडणे हेच असेल असे नाही. अशा वेळी गोळीची मात्रा वाढवण्याआधी रक्तातले कॅल्शियम पाहिले का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. नाहीतर औषध वाढते, 'ड' आणखी घसरते, आणि मूल त्या चक्रात अडकते.

तपासण्या: कोणत्या आणि कशा वाचाव्यात

यकृताची एन्झाइमे वाढवणारे औषध किंवा एकाहून जास्त औषधे दीर्घकाळ घ्यायची असतील तर सुरुवातीला आणि नंतर साधारण वर्षातून एकदा रक्तातले २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पाहावे. न चालणाऱ्या मुलांत अधिक लवकर. टोपिरामेट घेणाऱ्यांत बायकार्बोनेटही. काही गडबड दिसली तर पॅराथायरॉइड हार्मोन.

रिपोर्ट हातात आला की त्यावरच्या ठळक अक्षरांनी घाबरू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या वयाच्या मुलांत मोठ्या माणसांपेक्षा मुळातच बरेच जास्त असते. पण लॅब कधी कधी मोठ्यांची पातळी छापून शेजारी 'हाय' लिहिते. 'ड' जीवनसत्त्वाचेही तसेच. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या मते मुलांत २० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर ते पुरेसे, १२ ते २० म्हणजे अपुरे आणि १२ च्या खाली म्हणजे कमतरता. अनेक लॅब ३० च्या खालच्या प्रत्येक आकड्याला कमी ठरवतात. अर्थात ही औषधे घेणाऱ्या मुलांत काही तज्ज्ञ पातळी ३० च्या वर ठेवणेच पसंत करतात. तुमच्या मुलासाठी किती हवी, हे त्यांनाच ठरवू द्या.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सरसकट प्रत्येक मुलाला लागत नाही. वारंवार फ्रॅक्चर झाले असेल, किंवा मूल चालत नसेल आणि अनेक औषधे असतील, तर विचार करावा. मुलांच्या डेक्सात 'झेड स्कोअर' पाहायचा असतो, आणि तोही मुलाची उंची लक्षात घेऊन. 'टी स्कोअर' मोठ्या माणसांसाठी आहे. मुलाच्या रिपोर्टवर टी स्कोअर काढून खाली 'ऑस्टिओपोरोसिस' छापलेले मी पाहिले आहे. असा कागद हातात पडला तर त्यावर विश्वास ठेवू नका. फक्त आकड्यावरून मुलांत ऑस्टिओपोरोसिसचे निदान करत नाहीत. त्यासाठी सहज झालेल्या फ्रॅक्चरचा इतिहासही लागतो.

'ड' जीवनसत्त्व किती द्यावे? आणि पुडीचा घोळ

एक वर्षाच्या आतल्या बाळाला रोज ४०० युनिट आणि त्यापुढच्या मुलांना ६०० युनिट ही सर्वसाधारण गरज आहे. एन्झाइमे वाढवणारी फिटची औषधे घेणाऱ्या मुलांना याच्या दुप्पट ते तिप्पट लागू शकते. म्हणून डॉक्टर बहुधा रोज १००० ते २००० युनिटचे थेंब किंवा सिरप लिहून देतात. आधीच कमतरता असेल तर सुमारे तीन महिने मोठ्या मात्रेत उपचार करून मग या रोजच्या मात्रेवर येतात.

आता पुडीबद्दल. बाजारात ६०,००० युनिटची पुडी आणि तेवढ्याच ताकदीची छोटी पिण्याची बाटली मिळते. ती *आठवड्यातून एकदा*, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चिठ्ठीवर तसे लिहिलेलेही असते. पण घरी बाकीची औषधे रोज चालू असतात, आणि घाईत पुडीही रोज दिली जाते. कधी आठ आठवड्यांची पुडी "बरं वाटतंय" म्हणून वर्षभर चालू राहते. 'ड' जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. जास्त झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते. भूक मरते, उलट्या होतात, पोट साफ होत नाही, मूल सारखे पाणी पिते आणि सारखे लघवीला जाते, मूत्रपिंडात कॅल्शियम साठते. म्हणून पुडीचा वार ठरवा, उदाहरणार्थ रविवार, आणि दिल्यावर कॅलेंडरवर खूण करा. एकदम सहा लाख युनिटचे इंजेक्शन देऊन "वर्षभराचं काम झालं" असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. रोजचे थोडे देणे अधिक सुरक्षित आहे.

कॅल्शियमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरातला आकडा वाचून फसायला होते. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते. लेबलवर 'एलिमेंटल' कॅल्शियम किती आहे ते पाहा. हे औषध जेवणाबरोबर दिले तर चांगले शोषले जाते. मात्र फेनिटॉइन चालू असेल तर दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, कारण कॅल्शियममुळे फेनिटॉइनचे शोषण कमी होऊ शकते. टोपिरामेट किंवा झोनिसामाइड घेणाऱ्या मुलाला मनाने कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका. मुतखड्याचे आधी सांगितलेच आहे.

ताटातले कॅल्शियम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ५५० मिलिग्रॅम, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला ६५०, १० ते १२ ला ८५० आणि १३ ते १५ ला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आकडे मोठे वाटतात, पण २०० मिलीलीटर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम मिळते. दोन पेले दूध किंवा तेवढेच दही-ताक झाले, की लहान मुलाची बरीचशी गरज भागली. फिट येणाऱ्या मुलाचे दही, ताक, केळी "थंड पडतात" म्हणून बंद केलेले अनेक घरांत दिसते. यांनी फिट येत नाही. (कीटोजेनिक आहारावरची मुले सोडून. त्यांचे गणित वेगळे असते.)

दूध आवडत नसेल किंवा परवडत नसेल तर नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून आंबील, भाकरी, सत्त्व काहीही चालेल. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, तीळ हेही चांगले. कोकणात आणि घाटावर सुकट-जवळा खातात. तेही कॅल्शियमसाठी उत्तम. पालकात मात्र कॅल्शियम असूनही ऑक्झॅलेटमुळे ते फारसे शोषले जात नाही.

'ड' जीवनसत्त्व आहारातून थोडेच मिळते. अंड्याचा पिवळा बलक आणि मासे यांत थोडेफार, शाकाहारी जेवणात जवळजवळ नाहीच. पिशवीवर '+एफ' हे चिन्ह असलेल्या दुधात आणि तेलात ते मिसळलेले असते, तेवढा फायदा घ्यावा.

ऊन आणि खेळ

आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरण्याची पद्धत आहे. ते ऊन उबदार असते, पण 'ड' तयार करणारी किरणे त्यात फार कमी असतात. ती साधारण सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळात मिळतात. सोपी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तर त्या उन्हाचा उपयोग होतो. हात-पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस. बंद काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच ती किरणे अडवते. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात भर दुपारी मुलाला उन्हात बसवा असे अर्थातच मी म्हणणार नाही. त्या दिवसांत अकराच्या सुमारास थोडा वेळ पुरे. आणि पावसाळ्यात चार महिने ऊन मिळतच नाही, तेव्हा थेंब चुकवू नका.

टोपिरामेट आणि झोनिसामाइड घेणाऱ्या काही मुलांना घाम कमी येतो. उन्हात त्यांच्या अंगाचा ताप चढू शकतो. त्यांना कडक उन्हात ठेवू नका. त्यांची 'ड' जीवनसत्त्वाची गरज औषधातूनच भागवा.

खेळाबद्दल माझे मत जरा ठाम आहे. फिट येते म्हणून मुलाला मैदानावर न सोडणे, शाळेत पीटीच्या तासाला वर्गातच बसवून ठेवणे, यामागची भीती समजते. पण त्यामुळे हाडाला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, वजनाचा ताण आणि ऊन, एकदमच हिरावल्या जातात. शिवाय मूल एकटे पडते ते वेगळेच. फिट आटोक्यात असतील तर धावणे, दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, फुटबॉल सगळे चालते. झाडावर चढणे, विहिरीत किंवा नदीत एकट्याने पोहणे, वर्दळीच्या रस्त्यावर सायकल चालवणे टाळावे. तलावात पोहायचे तर शेजारी फिटबद्दल माहीत असलेले मोठे माणूस पाण्यात हवे. शिक्षकांना मुलाचा आजार सांगून ठेवा, लपवू नका.

मोठी फिट आली की स्नायू इतक्या जोराने आखडतात, की कधी कधी त्या ताणानेच पाठीचा मणका दबतो किंवा खांदा निखळतो. त्यात भोवतालच्या चार जणांनी हातपाय दाबून धरले तर इजा आणखी वाढते. फिट चालू असताना मुलाला दाबून धरू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका, किती वेळ झाला ते घड्याळात पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. फिट गेल्यावर मूल पाठ किंवा खांदा दुखतो म्हणाले, तर ते तपासून घ्या.

औषध बदलून मागावे का?

पालकांचा पुढचा प्रश्न हा असतो. नवी औषधे हाडांना बरी, मग तीच द्या. काही मुलांत तसे करणे योग्य असते, पण निर्णय मेंदूविकार तज्ज्ञांचा. फिटचे प्रकार वेगवेगळे असतात आणि एका प्रकारात उत्तम चालणारे औषध दुसऱ्यात फिट वाढवूही शकते. ज्या मुलाच्या फिट व्हॅल्प्रोएटने वर्षभर थांबल्या आहेत, त्याचे औषध केवळ हाडांच्या भीतीने बदलणे बहुधा शहाणपणाचे नसते. नव्या औषधांचेही स्वतःचे त्रास आहेत: लेव्हेटिरासेटामने काही मुले फार चिडचिडी होतात. आणि खर्चाचा भाग आहेच. सरकारी दवाखान्यात फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट ही औषधे मोफत मिळू शकतात. महागडे औषध सुरू करून पैशाअभावी मध्येच खंड पडण्यापेक्षा, नियमित मिळणारे औषध आणि सोबत 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब, हे मुलासाठी केव्हाही चांगले.

तज्ज्ञांकडे जाताना प्रश्न मात्र विचारावेत. या औषधाचा हाडांवर परिणाम होतो का? दोन औषधांऐवजी एकावर भागेल का? फिट थांबून दोन वर्षे झाली, आता गोळी हळूहळू कमी करण्याचा विचार करता येईल का? बऱ्याच मुलांत तो करता येतो. वाढ अजून बाकी असताना औषध थांबले तर हाडाची तूट भरून निघायला मुलाला वाव असतो.

वारंवार फ्रॅक्चर होणाऱ्या मुलांसाठी हाडांची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट नावाची इंजेक्शने आहेत. ती आधी 'ड' आणि कॅल्शियम भरून काढल्यानंतर, मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात.

गावात तज्ज्ञ नसतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत फिटचे आजारही आहेत आणि मुडदूसही. पथक आले की मुलाला कोणती गोळी चालू आहे ते सांगा, चिठ्ठी दाखवा, आणि हाडांची तपासणी हवी आहे असे स्वतःहून सांगा. तिथून मुलाला जिल्हा पातळीवर पुढच्या तपासणीसाठी पाठवण्याची सोय असते. जाताना सर्व औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि 'ड' जीवनसत्त्वाच्या पुडीचे पाकीटही सोबत न्या. शेवटची पुडी कधी दिली ती तारीख त्याच पाकिटावर लिहून ठेवा.